बहात्तरवरची दुलई

१२ फेब्रुवारी

पिपाण्या,

आशीर्वाद शेवटी. आधी भांडण.

कीबोर्ड विकलास? अरे, विकायचाच होता तर जरा लांब तरी विकायचास! या गावात कीबोर्ड उघडून दुरुस्त करणारी, त्यात टोन भरून देणारी दुकानं किती? एक. माझं. मग तो हिंडून फिरून माझ्याच टेबलावर येणार, हे तुझ्या टाळक्यात आलं नाही? काल दुपारी शाळेतल्या गाण्याच्या बाई दोन शिपायांकडून एक लांबडी पेटी उचलवून घेऊन आल्या. "जुना घेतलाय हो, मुलांच्या समूहगानासाठी," म्हणाल्या. "यात तुमचे टोन भरून द्या. सगळे म्हणतात, टोन घ्यावेत तर तुमचेच." मी आपली फुशारले. हसत हसत झाकण काढलं आणि डावीकडच्या तिसऱ्या काळ्या पट्टीवरचा ओरखडा दिसला. बारा वर्षांचा असताना माझी पक्कड तिच्यावर पाडली होतीस, तो. माझं हसू तिथंच थिजलं.

बाईंना काही बोलले नाही. "आठ दिवसांनी या" एवढंच म्हटलं. त्या गेल्यावर पेटीवरचा कागद पाहिला. पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता, सगळं तुझ्या त्या कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात. चौदा महिने मी लोकांना विचारत होते, कुठे आहे तो, कुठे आहे. आणि तू पेटीवर सापडलास. बाई सांगत होत्या, तू मालाच्या गोदामात कामाला आहेस म्हणून. खोकी उचलतोस. त्या बोटांनी.

फोन नंबरही होता त्या कागदावर. पण फोनवर माझा आवाज चढतो, तुला माहीत आहे. पत्रात निदान आवाज नसतो. म्हणून पत्र.

मला तुझी काळजी वगैरे नाही. ज्या कीबोर्डवर तू नऊ वर्षांचा असल्यापासून बोटं आपटलीस, तो असा परक्याला देऊन टाकलास याचा संताप आहे. तुझी आई गेल्यावर तुला इथे आणलं, दुकानाच्या मागच्या खोलीत वाढवलं. मला आई म्हणू नकोस, मावशीच म्हण, हे मीच सांगितलं होतं, कारण माझ्या बहिणीची जागा मला नको होती. पण तो कीबोर्ड मी तुझ्या नावाने वेगळा ठेवला होता. तो विकताना तुला काहीच वाटलं नाही?

तुझं टोनच्या बॅकअपचं कार्ड खाचेतच राहिलंय. काढून खणात ठेवलंय. आत काय आहे ते पाहिलं नाही, पाहायचंही नाही. तुझ्या चोऱ्या मला पाहायच्या नाहीत.

आता घे आशीर्वाद.

मावशी


२३ फेब्रुवारी

पिपाण्या,

उत्तर नाही आलं. नको देऊस. मला सवय आहे भिंतीशी बोलायची.

आज गाण्याच्या बाई कीबोर्ड न्यायला आल्या होत्या. मी त्यांना सगळ्यात आधी आपला दुलई टोन ऐकवला. माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी दुलईच ऐकवते. दोन्ही हातांनी मोठा भरदार स्वर धरला आणि त्यांच्याकडे बघितलं, तर बाईंनी मान अशी वाकडी केली, जशी कुणी ताटलीवर खिळा ओढल्यावर करतं. म्हणाल्या, "जरा टोचतोय ना?" दुलई टोचतेय! मी म्हटलं, बाई, बावीस वर्षं हा टोन वाजतोय, रेकॉर्डिंगला वाजलाय, स्टेजवर वाजलाय, आजवर कुणाला टोचला नाही. त्या कीबोर्ड घेऊन न जाता "पुन्हा येते" म्हणून गेल्या. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

तुला आठवत असेल हा टोन कधी केला ते. तू आल्याला महिना झाला होता. शाळेतून यायचास, टेबलाच्या कोपऱ्याशी बसायचास, तोंडातून शब्द नाही. मी घाबरले होते. पोर मुकं झालं की काय! मी काम करत राहायचे, कारण दुसरं काय करायचं ते मला येत नव्हतं. एक ऑसिलेटर घेतला, म्हणजे मूळ सूर काढणारा, जाड करवती लहरीचा. दुसरा तसाच, पण केसभर उतरवलेला. दोघे अगदी एका सुरात ठेवले तर आवाज मढ्यासारखा होतो, जरा उतरवला की आपोआप हलायला लागतो, हे मी तुला तेव्हाच सांगितलं. तिसरा वरच्या पट्टीतला, बारीक, नुसती चकाकी. आणि या तिघांवर फिल्टर. फिल्टर म्हणजे पातेल्यावरचं झाकण, म्हटलं होतं मी, जेवढं सरकवशील तेवढीच वरच्या सुरांची वाफ बाहेर येणार. मी आकडा वरखाली करत होते, आणि एका जागी थांबल्यावर तू महिनाभरात पहिल्यांदा बोललास. "मावशे, हे दुलईसारखं आहे." मी मागच्या खोलीत जाऊन रडले होते, तुला सांगितलं नाही कधी.

आणि त्याच टोनला तू हात लावलास.

आपला नेम काय होता? दर जानेवारीत काम कमी असतं तेव्हा मी सगळे टोन पुन्हा ऐकून, घासूनपुसून, नवे करून तुला देणार आणि तू वर्षभर तेच वाजवणार. मी करणार, तू वाजवणार. एवढा सरळ कारभार! त्या दिवशी स्टुडिओत मी तुझ्या मागे उभी होते. एवढं मोठं काम मिळालं होतं तुला, मला मिरवायचं होतं. सहज पडद्यावर नजर गेली. मी दिलेला फिल्टरचा आकडा एकशे सत्तावीस, म्हणजे पूर्ण उघडा. आणि पडद्यावर बहात्तर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे माझ्यासमोर "छान झालाय हं मावशे" म्हणायचं आणि पाठ वळली की झाकण घालायचं. माझी लाज वाटत होती का तुला?

मी ओरडले, हे कबूल. सगळ्यांसमोर ओरडले, हेही कबूल. माझ्या पेनड्राइव्हवरून माझे टोन तुझ्या टोनांवर चढवले आणि सेव्ह दाबलं. तुझं सगळं पुसलं गेलं. पण चूक कुणाची होती ते तूच सांगितलंस ना तिथे? मी नाही सांगितलं.

मावशी


६ मार्च

पिपाण्या,

एक गंमत सांगते. हसशील.

बाई पुन्हा आल्या होत्या, या वेळी गाणाऱ्या चार मुलींना घेऊन. मी दुलई वाजवली आणि चारही मुलींनी एकदम कानांवर हात ठेवले. ठरवून आल्यासारख्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले. एकीचे कान खराब असतील, दोघींचे असतील. चौघींचे? तेव्हा पहिल्यांदा मनात पाल चुकचुकली. समोरच्या शिंप्याला बोलावलं, त्यालाही ऐकवलं. तो भला माणूस, म्हणाला, "मला त्यातलं काय कळतंय?" पण त्याचे डोळे बारीक झाले होते.

म्हणून आज कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणजे एक पोरसवदा डॉक्टरीण, तुझ्याएवढी असेल. तिने मला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटण. "आवाज आला की दाबा." आला, दाबलं. आला, दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. मी वाट बघतेय, ती काचेपलीकडून माझ्याकडे बघतेय. शेवटी मी हेडफोन काढला आणि म्हटलं, "डॉक्टरीणबाई, तुमची वायर तुटलीय. जोडाशी तुटते नेहमी. द्या इकडे, मी पाहते." चाळीस वर्षं वायरी जोडतेय, मला कळत नाही होय! तिने तो हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. ऐकला. मग माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. वायर चांगली होती.

तिने कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडे ठीक आहे, मग ती रेघ जी घसरते ती घसरतच जाते. वरचे सूर गेलेत म्हणाली. एका दिवसात नाही, कित्येक वर्षं थोडे थोडे जात असणार, म्हणून तुम्हाला कळलं नाही. मी विचारलं, किती वर्षं? म्हणाली, "ते आता कसं सांगणार? आधीची तपासणी असती तर कळलं असतं."

हसलास का? मी नाही हसले. घरी येऊन दुलईतला तिसरा ऑसिलेटर एकटा लावून पाहिला, बाकीचे दोन बंद करून. पट्टी दाबली. पडद्यावर आवाजाची खूण हलतेय, स्पीकरच्या जाळीला बोट लावलं तर बारीक थरथर लागतेय. आणि मला काही नाही. काहीच नाही रे.

मावशी


७ मार्च

माझ्या राजा,

तुझं कार्ड उघडलं.

चोऱ्या बघायला उघडलं नाही. डॉक्टरीण म्हणाली आधीची तपासणी असती तर, ते रात्रभर डोक्यात राहिलं. सकाळी चहासुद्धा न घेता खण उघडला.

वर्षवार लावून ठेवलंयस सगळं. तुला कपड्यांची घडी कधी घालता आली नाही, आणि हे एवढं नीट. दर वर्षाच्या दोन प्रती. एक मी जानेवारीत दिलेली, जशीच्या तशी. एक तू वर्षभर वाजवलेली. मी दोन्ही उघडून दुलईचा फिल्टर बघत गेले. कार्डावरच्या पहिल्या वर्षी मी दिलेला आकडा बहात्तर, तुझाही बहात्तर. मी थांबलेच. बहात्तर माझाच? मग माझी अगदी जुनी वही काढली, तू नऊ वर्षांचा होतास तेव्हाची. तिथे माझ्या हाताने लिहिलंय: दुलई, फिल्टर बहात्तर. त्याच्याखाली रेघ मारलीय.

पुढच्या वर्षी मी दिला एकोणऐंशी. तू बहात्तर. मग अठ्ठ्याऐंशी, तू बहात्तर. सत्त्याण्णव, बहात्तर. एकशे नऊ. एकशे अठरा. एकशे सत्तावीस. तुझा प्रत्येक वर्षी बहात्तर. दर जानेवारीला मला वाटायचं, स्पीकर मंद झालेत, यंदा आवाज जरा झाकोळलाय, थोडा उघडू या. स्पीकर कसले मंद होतात! डॉक्टरीणबाईची रेघ खाली उतरते आणि कार्डावरची माझी रेघ वर चढते, एवढाच काय तो फरक. तिला हवी होती ती आधीची तपासणी तू करून ठेवली होतीस. सात वर्षांची.

म्हणजे माझा टोन तू बदलत नव्हतास. मीच बदलत होते, आणि तू तो माझ्यापासून वाचवत होतास.

आता स्टुडिओ. मागच्या पत्रात अर्धंच लिहिलं, आता सगळं लिहिते. मी माझे टोन चढवले, तू तसाच वाजवायला बसलास. रेकॉर्डिंगवाल्याने कानावरचा हेडफोन झटकन काढला. संगीतकार आतून बाहेर आला आणि म्हणाला, "हा काय पत्रा वाजतोय? कोणी केलाय हा टोन?" तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. एकच क्षण. तुला फक्त एवढं म्हणायचं होतं की मावशीला ऐकू येत नाही. खरं तेच होतं, तुझं काम वाचलं असतं, नाव वाचलं असतं. तू म्हणालास, "माझी चूक आहे. मी बिघडवला." आणि मी काय केलं? मी तिथे उभी राहून म्हटलं, "हो, याचीच चूक आहे, याचा हातच जड आहे." माझी जीभ झडली कशी नाही!

त्यानंतर तुला कुणी बोलावलं नाही. मला माहीत होतं ते. कळत होतं आणि मी म्हणत होते, बरं झालं, अद्दल घडली.

सात वर्षं गप्प का राहिलास रे? एकदा तरी म्हणायचंस, मावशे, कान दाखव. आणि मग मी दिवसभर स्वतःलाच विचारत बसले की तू म्हणाला असतास तर मी काय केलं असतं. तुला घालवून दिलं असतं. आधीच घालवून दिलं असतं, एवढंच. तू मला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होतास.

मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही. पण लिहिते. मला माफ कर.

मावशी


१९ एप्रिल

पिपाण्या,

तुझं पोस्टकार्ड आलं! पोस्टमनच्या हातून ते मी हिसकावलंच म्हटलं तरी चालेल. दोन ओळी लिहिल्यास, पण अक्षर तुझंच. "पत्रं पोचली. रागावलेलो नाही. कान आता कसे आहेत, ऐकू येतं का? मे महिन्यात चार दिवस सुटी आहे, बघतो." तीस वेळा तरी वाचलं असेल. रागावलेलो नाही, म्हणे. रागवायचंस रे जरा, मला बरं वाटलं असतं.

तर माझे कान. अगदी ठणठणीत! डॉक्टरीणबाईने दोन्ही कानांत मशीन बसवून दिलंय, शेंगदाण्याएवढं. आता सुई पडली तरी ऐकू येते. शिंप्याच्या दुकानातली तर रोजच येते. तेव्हा माझी दया म्हणून इकडे यायचं काही कारण नाही, सांगून ठेवते. मी म्हातारी झाले, बहिरी झाले, चला बघून येऊ, असलं काही मनात असेल तर तिथेच बस. मी कुणाला बोलावत नाही. दुकानाचं दार उघडंच असतं, गिऱ्हाइकांसाठी.

बाकी ठीक. शिंप्याला एक घाणेरडी सवय लागलीय, तोंडात खडू धरून बोलतो. मी त्याला ओरडते, आधी तो खडू काढ आणि माझ्याकडे तोंड करून बोल. तो म्हणतो, "मावशी, आधी असं कधी म्हणत नव्हता." सगळ्यांची मावशी झालेय मी, तुझ्यामुळे.

बाईंचा कीबोर्ड अजून माझ्याकडेच आहे. मी त्यांना दुसरा पाहून दिला, तुझ्यापेक्षा बरा. हा मी ठेवून घेतलाय. कशासाठी ते विचारू नकोस. आता दुलई नव्याने बसवतेय, पहिल्यापासून, रिकाम्या टोनवर. फिल्टर बहात्तरच ठेवणार.

मे महिन्यात कोणत्या तारखेला, ते लिहिलं नाहीस. मला काही फरक पडत नाही म्हणा.

मावशी


१३ मे

पिपाण्या, बाळा,

हे पत्र तू फोडणार नाहीस अशी मला भीती आहे. म्हणून पाकिटावर बाहेरच मोठ्या अक्षरात लिहिलंय: मला ऐकू आलं नाही. पोस्टमन वाचेल, तुझ्या गोदामातले लोक वाचतील. वाचू देत. न फोडता फाडून टाकलंस तरी तेवढं तुझ्या डोळ्यांखालून जाईल.

आज सकाळी शिंपी आला. खडू हातात घेऊन, नीट माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "काल भाचा आला होता तुमचा. तुम्ही एवढं मनाला लावून घ्यायला नको होतं." मी म्हटलं, कोण आला होता? तो म्हणाला, "आता माझ्यापुढे कशाला नाटक करता?"

मग त्याच्याकडून एकेक काढून घेतलं. तू दुपारी चारच्या सुमाराला आलास. आधी त्याच्या दुकानापाशी थांबलास आणि विचारलंस, मावशीचे कान कसे आहेत. आणि तो म्हणाला, "छान आहेत, मशीन घेतलंय, आता सगळं ऐकू येतं." त्याला तेच माहीत होतं. मीच सांगितलं होतं, त्याला आणि तुला, दोघांना. मग तू रस्ता ओलांडलास. पायरीवर चपला काढल्यास, बॅग हातातच ठेवलीस. मी दाराकडे पाठ करून बसले होते. तू हाक मारलीस. "मावशे." थोड्या वेळाने पुन्हा. तिसरी हाक एवढी मोठी होती की शिंप्याचं मशीन थांबलं, कापड घ्यायला आलेल्या बायका वळून बघायला लागल्या. मी वळले नाही. तू आणखी जरा वेळ उभा राहिलास, चपला घातल्यास आणि स्टँडच्या दिशेने गेलास. शिंपी म्हणाला, "मला वाटलं, राग गेला नाही तुमचा. घरच्या भानगडीत मी कशाला पडू?"

मी पाठ फिरवून बसले नव्हते रे. मला ऐकू आलं नाही.

खोटं लिहिलं होतं मी. सुई राहू दे, माणसाचा शब्द मला धड कळत नाही. मशीनने आवाज मोठा होतो पण सगळा एकमेकांत कालवल्यासारखा, आणि टोन तर अगदी डबा वाजवल्यासारखे लागतात. म्हणून काम करताना मी ते काढून खणात टाकते. काल खणातच होतं. डॉक्टरीणबाईने मार्चमध्येच सांगितलंय की हे वाढत जाणार, खालचे सूरही जाणार. मी लोकांच्या ओठांकडे बघून काम भागवते. फोन करत नाही त्याचं कारण आवाज चढतो हे नव्हतं, फोनवर मला काहीच समजत नाही हे होतं, आधी मी दोष फोनला देत होते एवढंच. एप्रिलच्या पत्रात हे लिहिलं असतं तर तू काल आत आला असतास. पण मला तुझ्यापुढे धडधाकट दिसायचं होतं. एवढं सगळं होऊनसुद्धा.

काल मी काय करत होते ते सांगते. दुलई पुरी करत होते. आता कानाने जमत नाही, म्हणून तळवा स्पीकरवर टेकवून बसते. खालचे दोन ऑसिलेटर हाताला नीट कळतात, एक दुसऱ्यापेक्षा केसभर उतरला की थरथर लाटेसारखी येते जाते. डोळे मिटून तेच बघत होते. तू येशील तेव्हा वाजवून दाखवायचं होतं. तू माझ्या पाठीमागे चार हातांवर उभा होतास.

आणि तू आत का आला नाहीस, तेही मला माहीत आहे. ते मी आजवर एकाही पत्रात लिहिलं नाही, लिहायची लाज वाटत होती. तुला घालवताना मी म्हटलं होतं, "मी 'ये' म्हणेपर्यंत या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही." लहानपणी माझा एक शब्द ऐकला नाहीस. अभ्यास म्हटलं की वाजवायला बसायचास, झोप म्हटलं की खिदळायचास. आणि नेमका हा एक शब्द पाळलास. पायरीवर उभं राहून माझ्या 'ये'ची वाट बघितलीस.

शिंप्याला तुझा नंबर लावायला सांगितलं. बंद आहे म्हणतो. तीनदा लावायला लावला.

मी आता इथे बसून पत्रांची वाट बघणार नाही. चोवीस तारखेच्या रविवारी मी निघून तुझ्या त्या पत्त्यावर येतेय. दुकान बंद ठेवून. बसमधल्या माणसाला कागद दाखवीन, रस्त्यात लोकांना कागद दाखवीन, कुणी ना कुणी पोचवेल. तुझ्या दारात उभी राहीन. हाक मारणार नाही, माझा आवाज किती मोठा निघतो ते मला आता समजत नाही, उगाच चार लोक गोळा व्हायचे. नुसती उभी राहीन, तू बघेपर्यंत. आणि तू बोलावल्याशिवाय आत पाय टाकणार नाही.

फक्त एक कर. 'ये' म्हणू नकोस, मला ऐकू येणार नाही आणि मी मूर्खासारखी तिथेच उभी राहीन. हात कर.

मावशी